खोकल्याचं कॅलेंडर

कोरेहाळच्या सरकारी दवाखान्यात त्या सोमवारी एकशे त्रेचाळीस केसपेपर निघाले आणि त्यातले शंभराच्या वर नुसत्या खोकल्याचे. उमरग्यापासून अठरा किलोमीटरवर, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून असलेलं हे गाव. डॉक्टर करिश्मा दुधभातेला लातूरहून इथं येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. दिवाळी मागं पडली होती. मधे चार दिवस अवकाळी पाऊस झाला, मग आभाळ मोकळं झालं, छान ऊन पडलं. आता गर्दी कमी होईल असा तिचा अंदाज होता. झालं उलटंच.

वाफेचं मशीन एकच, आणि त्याच्याभोवती दम्याची चार म्हातारी माणसं आपली पाळी कधी येते म्हणून बसलेली. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा तिच्या डोळ्यांदेखत खाली चालला होता. अकराच्या सुमारास एक बाई चार महिन्यांचं लेकरू छातीशी धरून पळतच आत आली. लेकराच्या नाकपुड्या फुलत होत्या, पोट उडत होतं, ओठांचा रंग बदलायला लागला होता. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. करिश्माने कपाटातून ऑक्सिजनची लहान नळी ओढून काढली.

बीपीच्या गोळ्यांसाठी रांगेत उभ्या असलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या साठी ओलांडलेल्या बाईंनी तेवढ्यात पिशवी खाली ठेवली. त्यांनी लेकराला आईकडून घेतलं, अंगावरची दोन फडकी सोडली, मान जराशी मागं करून त्याला उभं धरलं आणि म्हणाल्या, "म्याडम, तुमी नळी जोडा. म्या धरते. आन् बाहेर जीप उभी हाय, ड्रायव्हरला हाक मारा कुनीतरी."

लेकरू त्याच जीपमधून उमरग्याला गेलं. सहा दिवसांनी घरी आलं, पण ते सहा दिवस करिश्माला नीट झोप नव्हती.

त्या बाई म्हणजे शरिफाबी. याच दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या, निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली. त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर जाता जाता त्या औषधांच्या खिडकीपाशी थांबल्या आणि आतल्या भीमाशंकरला म्हणाल्या, "म्या म्हणलं व्हतं का न्हाय? उघाड पडल्यापासनं पाचव्या-सहाव्या दिशी."

भीमाशंकर हा इथला औषधं देणारा, हिशेबी आणि थोडा खडूस माणूस. शरिफाबी गेल्यावर तो हसत करिश्माला म्हणाला, "मॅडम, आपा दरसाल असं काहीतरी सांगतात. कधी लागतं, कधी न्हाय. लई मनावर घेऊ नका."

पण करिश्माने ते मनावर घेतलं. उघाड पडल्यापासून आज नेमका सहावा दिवस होता.

पुढच्या रविवारी ती शरिफाबींच्या घरी गेली. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, दारात लिंबाचं झाड आणि झाडाच्या सावलीकडच्या फांदीला तापमापी टांगलेली. चहा झाल्यावर करिश्माने सरळ विचारलं, "आपा, तुम्हाला कसं कळलं?"

शरिफाबींनी पलंगाखालची पेटी ओढली आणि गुंडाळी केलेली, सुतळीने बांधलेली भिंतीवरची कॅलेंडरं एकेक करून बाहेर काढली. एकोणतीस होती. सगळ्यात जुनं एकोणीसशे शहाण्णवचं, कुठल्याशा खताच्या दुकानाने वाटलेलं.

करिश्माने ते सतरंजीवर पसरलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात दोन आकडे, पहाटेचं आणि दुपारचं तापमान. आभाळ भरून आलं असेल तर कोपऱ्यात पेन्सिलीची काळी छटा. पाऊस असेल तर उभी रेघ. आणि खाली टिंबं. त्या दिवशी खोकला, धाप घेऊन दवाखान्यात आलेल्या दर माणसामागं एक टिंब. लेकरांची निळी, मोठ्यांची काळी. निवृत्तीनंतरचे आकडे त्या रोज भीमाशंकरला विचारून घ्यायच्या.

"त्या वर्सी जानेवारीत एका आठवड्यात तीन लेकरं गेली," शरिफाबी म्हणाल्या. "तिन्हीला म्या लस टोचलेली. वरनं मानसं आली, त्येंनी विचारलं, वय किती, वजन किती, लस दिली का. म्या समदं सांगितलं. पर हवा कशी व्हती ते कुनी विचारलं न्हाय. पाच दिवस ऊन नव्हतं म्याडम. लोकांनी दारं लावून घेतलेली, चुली आत. एका खोलीत आठ-आठ मानसं. मला त्ये दिसत व्हतं, पर लिवायला रकाना नव्हता."

"म्हणून तुम्ही कॅलेंडर घेतलं."

"आमाला लसीच्या फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिवायची सवय. म्हणलं, फ्रीजच्या आतलं रोज लिवतो, भाईरचं का न्हाय?"

करिश्मा दोन तास त्या सतरंजीवर बसून होती. एमबीबीएसला तिने श्वसनाच्या आजारांवर पानंच्या पानं पाठ केली होती. हवेतला गारवा, ओलावा, बंद घरं, विषाणू, हे सगळं तिला माहीत होतं. पण एकाच गावाची एकोणतीस वर्षं अशी कुणी तिच्यासमोर अंथरली नव्हती. जुन्या कॅलेंडरांत टिंबांचे दोन दाट पट्टे स्पष्ट दिसत होते. एक श्रावण-भादव्यातल्या झडीच्या दिवसांत, दुसरा पौषातल्या थंडीत. मधे दोन-अडीच महिने चौकोन कोरे. नव्या कॅलेंडरांत तो कोरा भाग आकसत चालला होता. पाऊस ऑक्टोबरात, नोव्हेंबरात घुसत होता आणि त्याच्या मागोमाग टिंबंही. थंडी पूर्वीसारखी महिनाभर मुक्कामाला राहत नव्हती. चार दिवस यायची, पहाटे अकरा अंश आणि दुपारी बत्तीस, मग निघून जायची आणि पुन्हा यायची.

"मला वाटायचं, थंडीनं लेकरं पडतात," शरिफाबी म्हणाल्या. "तसं न्हाय. लई थंडी असून बी ती एकसारखी असली तर मानसं सावरतात. ती घडीत येती, घडीत जाती तवा तरास जास्ती."

दोन हजार वीस आणि एकवीस या दोन वर्षांच्या कॅलेंडरांवर टिंबांना जागाच उरली नव्हती. करिश्मा त्यांच्यावर वाकली तशा शरिफाबींनी ती दोन्ही बाजूला सारली. "ही दोन म्या धरीत न्हाय. त्यो आजार हवेचं ऐकत नव्हता. त्येला धरलं तर बाकीचं समदं बिघडंल."

करिश्माने ती दोन्ही गुंडाळून ठेवली. तिच्या कॉलेजातल्या कित्येकांना हे सुचलं नसतं.

"आपा, पण हे एका गावाचं आहे," ती शेवटी म्हणाली. "याला पुरावा म्हणता येणार नाही."

"मग म्हणू नका. नुसतं बघून ठिवलंय म्हणा."

संक्रांतीच्या आधी शरिफाबी स्वतःहून दवाखान्यात आल्या. दोन दिवस आभाळ आलं होतं, पारा घसरला होता. आठ दिवसांत लेकरांची गर्दी होईल, असं त्यांनी सांगितलं. करिश्माने कंबर कसली. उमरग्याला फोन करून तिने दुसऱ्या एका दवाखान्यातलं ऑक्सिजनचं मशीन मागवून घेतलं. गावातल्या आशा सेविका जगदेवीला वर्षाच्या आतली लेकरं असलेल्या घरांत रोज फिरायला लावलं. औषधांचे खोके आले. भीमाशंकर ते लावत राहिला.

आठ दिवस गेले. दहा गेले. गर्दी आलीच नाही. रोजची पंधरा-वीस माणसं, त्यातलीही निम्मी गुडघेदुखीची. अकराव्या दिवशी तालुक्याच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. दुसऱ्यांचं मशीन तुमच्याकडं पडून आहे, आणि तिकडं खरोखर गरज आहे, एवढंच ते म्हणाले, पण करिश्माचे कान तापले. मशीन गेलं. ते टेम्पोत चढवताना भीमाशंकर म्हणाला, "मॅडम, म्या आधीच म्हणलं व्हतं."

संध्याकाळी ती रागातच शरिफाबींच्या घरी गेली. राग त्यांच्यावर होता की स्वतःवर, तिचं तिलाच कळत नव्हतं. शरिफाबी लिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या, मांडीवर नवं कॅलेंडर. त्यांनी लाल पेन्सिलने त्या आठवड्यावर आडवी रेघ मारली आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "चूक."

"तुमाला बोलनं खावं लागलं का?" त्यांनी विचारलं.

"थोडं."

"मग माझ्यामुळं झालं त्ये. माफ करा." त्यांनी कॅलेंडर तिच्यापुढं केलं. "तीन दिस इचार करायले. आभाळ आलं, पारा उतरला, समदं बरोबर व्हतं. पर दुपारी ऊन पडायचं. तुरी काढायला आल्या, लोकं दिसभर रानात. घरांची दारं उघडी. म्या नुसतं आभाळ बघितलं म्याडम, मानसं बघितली न्हायत."

करिश्मा खाली बसली. तिने पेटीतली जुनी कॅलेंडरं पुन्हा मागितली. मागच्या वेळी तिचं लक्ष टिंबांवर होतं. या वेळी ती लाल रेघा शोधत गेली. दोन हजार एकला एक. दोन हजार सहाला तीन. कुठं नुसतं "चूक", कुठं पुढं कारण, "शाळेला सुट्टी होती", "वारा कोरडा", आणि एका ठिकाणी "कारण समजलं नाही". सगळ्या मिळून बावीस भरल्या, आजची तेविसावी. कुणी तपासायला येणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. तरीही या बाईंनी एकही चूक खोडली नव्हती.

बरोबर आलेल्या अंदाजांनी करिश्माला अचंबा वाटला होता. या लाल रेघांपुढं मात्र तिला आपली मान आपोआप लवल्यासारखी वाटली. तिचा राग कुठल्या कुठं गेला. त्या दिवसापासून ती आठवड्यातून एकदा शरिफाबींकडं जायला लागली. हवेच्या आणि टिंबांच्या जोडीला आता त्या दोघी माणसांचंही लिहू लागल्या. शाळा चालू आहे का, लग्नसराई आहे का, लोक रानात आहेत की घरात.

त्या वर्षी पाऊस थांबायचं नावच घेईना. भादवा गेला, नवरात्र आलं, तरी ओढ्यांना पाणी मावत नव्हतं. सोयाबीन उभं असतानाच पाण्यात राहिलं, शेंगा काळ्या पडल्या. दसऱ्यानंतर एका सकाळी शरिफाबी छत्री टेकत दवाखान्यात आल्या. बरोबर दोन हजार एकोणीसचं कॅलेंडर.

"आता उघाड पडंल तशी समद्यांची मळणी एकाच येळी सुरू हुईल," त्या म्हणाल्या. "भिजलेल्या सोयाबीनला बुरशी धरलीय. मळणीचा, राशीचा धुरळा नुसता धुरळा नसतोय, काळा असतोय. त्यात पहाटंचा गारठा. एकोणीसला असंच झालं व्हतं. हे बघा, सातव्या-आठव्या दिशी."

करिश्माने टिंबं पाहिली. काळी आणि निळी, दोन्ही. "आपा, या वेळी माणसं बघितलीत?"

शरिफाबी हसल्या. "त्येच बघून आले. मळणीची मशीनं गावात तीन. तिन्ही बलभीमदादाची. आन् तिन्ही गावाच्या उगवतीला लागत्यात. पाऊस सरला की वारा बी उगवतीकडनंच येतोय. म्हंजी समदा धुरळा घरांवर."

दोघी बलभीमकडं गेल्या. सत्तरीला टेकलेला, मिशीवाला, दोन ट्रॅक्टर आणि तीन मळणी यंत्रं असलेला माणूस. त्याला स्वतःलाही दमा होता, पण ते तो कबूल करत नसे. त्याने खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं आणि ऐकून घेतल्यावर म्हणाला, "म्याडम, तुमचा मान राखतो. पर रास आता दवाखान्याला इचारून करायची का? उगवतीला रस्ता हाय, ट्रॅक्टर जातोय. मावळतीच्या माळावर कोन जाईल?"

करिश्मा काही बोलणार तोच शरिफाबी शांतपणे म्हणाल्या, "दादा, एकोणीस साली राशी लागल्या, आठव्या दिशी तुमी कुठं व्हता?"

बलभीमने मिशीवरून हात फिरवला. "असंल कुठंतरी."

"उमरग्याला. नळी लावून. पाच दिस. वैनी माझ्याकडं रडत आल्या व्हत्या. तारीख सांगू?"

आतून बलभीमच्या बायकोचा आवाज आला, "सांगा, सांगा आपा, त्येंना आठवत न्हाय." तो वरमला. मग म्हणाला, "माळावर दगड लई हायत. दोन दिस लागतील रस्ता करायला."

"दोन दिस पाऊस हायच की," शरिफाबी म्हणाल्या.

मशीनं माळावर गेली. ऑक्सिजनच्या आणि आणखी एका वाफेच्या मशीनसाठी करिश्माने पुन्हा उमरग्याला फोन केला. मागचं बोलणं आठवून तिची जीभ अडखळली, पण तिने स्पष्टच सांगितलं, "सर, मागच्या वेळी चुकलं होतं. या वेळीही चुकू शकतं. तरी मला द्या." अधिकारी म्हणाले, "दहा दिवसांसाठी देतो."

जगदेवीने दोन याद्या केल्या. वर्षाच्या आतली अडतीस लेकरं आणि दम्याची एकसष्ट माणसं. दम्याच्या माणसांना भीमाशंकरने श्वासाच्या औषधाचे पंप दिले आणि ते ओढायचे कसे हे एकेकाला करून दाखवलं. राशीवर जाणाऱ्या बायकांना जगदेवीने तोंडाला ओलं फडकं बांधायला शिकवलं. काहींनी बांधलं, काही हसल्या.

उघाड पडली. माळावर तिन्ही मशीनं एकदम धडधडायला लागली, आणि गावातून पाहिलं तर मावळतीला काळसर धुराचा लोट उठल्यासारखा दिसे. पहिले पाच दिवस दवाखाना रिकामा. सहाव्या दिवशी बावीस जण. सातव्या दिवशी सत्तर. आठव्या दिवशी सकाळी नऊला करिश्माने दार उघडलं तेव्हा रांग फाटकाच्या बाहेर, वडाच्या पारापर्यंत गेली होती.

पण या वेळी तिची तयारी होती. वाफेची दोन मशीनं चालू होती. दम्याची माणसं पंप ओढूनच आलेली, त्यामुळं बोलू शकत होती. शरिफाबी रांगेतून फिरत होत्या आणि ज्याला आधी आत न्यायला हवं त्याचा हात धरून त्याला पुढं आणत होत्या. त्यावर रांगेतल्या कुणीही तक्रार केली नाही.

दुपारी जगदेवीचा फोन आला. शिवगंगा नावाच्या बाईची पाच महिन्यांची मुलगी. शिवगंगा म्हणत होती, नुसती सर्दी आहे, पिते आहे, खेळते आहे. जगदेवीने तरी घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजले होते. "चौसष्ट भरले म्याडम. दोनदा मोजले."

"पन्नासच्या वर एवढ्या लहान लेकराला चालत नाही. लगेच घेऊन ये."

मुलगी आली तेव्हा खरंच खेळत होती, पण छाती जराशी आत ओढली जायला लागली होती. ऑक्सिजन, औषधाचा पहिला डोस, आणि तासाभरात ॲम्ब्युलन्सने उमरगा. शिवगंगा गाडीत चढताना रडत म्हणाली, "म्या तर म्हणत हुते सर्दी हाय." जगदेवी तिच्याबरोबर गेली. चौथ्या दिवशी दोघी मायलेकी परत आल्या, मुलीच्या मुठीत कुणीतरी दिलेला खुळखुळा.

पंधरा दिवसांत अकरा जणांना उमरग्याला पाठवावं लागलं. अकराच्या अकरा घरी आले. बलभीमलाही नवव्या दिवशी धाप लागली, पण तो आपल्या पायांनी दवाखान्यात आला, वाफ घेतली आणि जाताना शरिफाबींना म्हणाला, "आपा, ह्याची तारीख बी लिवा."

सगळं कशामुळं टळलं, हे करिश्माला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. मशीनं हलवल्यामुळं, की पंपांमुळं, की जगदेवीच्या चालण्यामुळं. शरिफाबींना तिने तसं म्हटलंही. त्यांना ते पटलं. "एकाच वर्साचं हाय," त्या म्हणाल्या.

भीमाशंकरने मात्र कबुली दिली ती त्याच्या पद्धतीने. एका सकाळी त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि विचारलं, "आपा, आता पुढलं कवा? औषधांची मागणी लिवायचीय."

महिन्याभराने उमरग्याला तालुक्याची बैठक होती. करिश्माने अधिकाऱ्यांना विचारून शरिफाबींना बरोबर नेलं. हॉलमधे दवाखान्यांचे डॉक्टर, नर्सा, चाळीस-पन्नास माणसं. सगळ्यांच्या हातात मोबाईल. शरिफाबी पुढं गेल्या, पदर सारखा केला आणि त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "माझे अंदाज तेवीस येळा चुकलेत. आधी त्येच सांगते."

हातातले मोबाईल एकेक करून खाली गेले. त्यांनी खरंच चुकांपासून सुरुवात केली. कुठं सुट्टीचं ध्यानात आलं नाही, कुठं वारा कळला नाही, कुठं अजूनही कारण सापडलेलं नाही. मग पाऊस कसा पुढं सरकला, दोन लाटांमधली मोकळी जागा कशी कमी झाली, राशी आणि गारठा एकाच वेळी आला तर काय होतं. वीस मिनिटं त्या बोलल्या. कागद हातात नव्हता. मागच्या रांगेत बसलेली करिश्मा ते लिहून घेत होती. ही बाई तिच्या दवाखान्यात बीपीच्या गोळ्यांच्या रांगेत उभी राहत होती, आणि तिला तीन महिने पत्ता नव्हता.

तालुका अधिकारी उठून उभे राहिले. शाल-नारळाची तयारी होती. ते देऊन झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी आणखी पाच गावांत असंच लिहायला सुरुवात करायची.

"कसं लिहायचं ते आपा शिकवतील," ते म्हणाले. "म्हणजे आपल्याला पक्कं कळेल."

"शिकवते," शरिफाबी म्हणाल्या. "पर पक्कं म्हणू नका साहेब. पाच वर्सं लिवू द्या, मग इचारा."

परतताना हायवेवर ट्रकच्या गर्दीत त्यांची जीप थांबली. शरिफाबींना भजी खावीशी वाटली. ढाब्याच्या बाकावर बसून दोघींनी गरम मिरचीची भजी खाल्ली. तिखट ठसक्याने शरिफाबींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या खोकता खोकता हसायला लागल्या. करिश्माने पाण्याचा ग्लास पुढं केला.

"आपा, पाच गावं फिरायची म्हणजे तुम्हाला दगदग होईल. मी दर रविवारी गाडी घेऊन येत जाईन."

"तुमची तर लातूरला बदली हुनार म्हणत व्हते."

"अर्ज भरायचा होता," करिश्मा म्हणाली. "या वर्षी भरत नाही."

शरिफाबींनी ताटलीतलं शेवटचं भजं तिच्या पुढ्यात सरकवलं.